फोटोपुरती आडवी

सन एकोणीसशे त्र्याऐंशीच्या मे महिन्यात, कॅरिबियन समुद्रातील सेंट अनातोल बेटाच्या वाऱ्याकडील किनाऱ्यावर, आन्स कसाव नावाच्या मासेमारांच्या गावी, होड्या बांधणारे सुतार सिल्व्हेस्त्र फॉन्टेनेल यांच्या पडवीत माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नामपट्टी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि अंगावर एकाच देशाचे नाव. माझी सारी मालमत्ता एवढीच.

ज्या गोमिए वृक्षाच्या खोडातून आमच्याकडे होड्या कोरतात, त्याच्याच एका उरलेल्या फळीतून मला कापले. आजूबाजूच्या बेटांनी मिळून एक संघ स्थापन केला होता. प्रत्येक देशाने आपापल्या लाकडाची, परंतु एकाच मापाची पट्टी करून पाठवावी असे संघाने कळवले होते. सिल्व्हेस्त्र यांनी मला रंधा मारला, पटाशीने अक्षरे कोरली आणि मग डोळ्यांसमोर धरून कितीतरी वेळ निरखले. शेजारी त्यांना चिडवत होते की, इतका वेळ तर तू होडीलाही देत नाहीस. ते म्हणाले, "होडी वाकडी झाली तर एक घर मला शिव्या देईल. ही पट्टी वाकडी झाली तर बाकीचे नऊ देश सगळ्या बेटाला हसतील. गप बसा आणि करू द्या."

मी सरळ झाले. माझ्या पुढील आयुष्यात जे काही वाकडे झाले, ते माझ्या सुताराच्या हातून झाले नाही, एवढे आरंभीच नोंदवून ठेवते.

संघाचे सभागृह ग्रँड रोश या सर्वांत मोठ्या बेटाच्या राजधानीत होते. तेथे घोड्याच्या नालेच्या आकाराचे एक मेज होते आणि त्याभोवती आम्ही दहा पट्ट्या दहा आसनांपुढे मांडलेल्या असू. आमचे काम केवळ नाव दाखवण्याचे नव्हते. ज्या देशाला बोलायचे असेल त्याने आपली पट्टी उचलून टोकावर उभी करायची, आणि अध्यक्षांनी उभ्या पट्ट्यांना क्रमाने बोलू द्यायचे, असा त्या सभागृहाचा रिवाज होता. चर्चा संपली की अध्यक्ष मेजावर नजर फिरवीत. एकही पट्टी उभी नसेल तर ते म्हणत, "कोणाची पट्टी उभी नाही. मंजूर." मग हातोडा पडे. मतदान नसे, हात वर करणे नसे. आडव्या पट्टीचा अर्थ होकार.

येथे एखादा आक्षेपक म्हणेल की, मौनाला होकार मानणे हा न्याय नव्हे. हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि पुष्कळ वर्षे मला तो मान्य नव्हता. कारण त्याची दुसरी बाजू पाहा. एक जरी पट्टी उभी असली तरी हातोडा पडू शकत नसे. ग्रँड रोशमध्ये कारखाने आहेत, विमानतळ आहे, हॉटेलांच्या रांगा आहेत; सेंट अनातोलमध्ये एक रस्ता आहे आणि तोही पावसाळ्यात नसतो. पण दोघांच्या पट्ट्या एकाच मापाच्या. मी उभी राहिले म्हणजे माझा देश ग्रँड रोशएवढाच उंच. ज्या व्यवस्थेत सर्वांत लहानाच्या एका शब्दावाचून काही होत नाही, तिला अन्यायी कसे म्हणावे? असा युक्तिवाद मी मनाशी करीत असे. तो तर्कदृष्ट्या निर्दोष होता. आजही त्यात मला दोष सापडत नाही; फक्त तो कोणाच्या उपयोगी पडला नाही.

आमची निगा राखणाऱ्या सेविका मिस ऑर्लीन. दर सभेपूर्वी त्या आम्हां दहाही पट्ट्यांना खोबरेल तेल लावून पुसत आणि पुसताना प्रत्येक देशाची खबर घेत. "काय गं सेंट अनातोल, या वेळी तरी तोंड उघडणार का? मागच्या खेपेला तुझा मंत्री पूर्ण सभा झोपला होता, आणि तू आडवी पडून त्याला सोबत!" त्यांचे म्हणणे खरे होते. पहिली कित्येक वर्षे मी क्वचितच उभी राहिले.

मग लिओनीस आली. लिओनीस फॉन्टेनेल, त्याच सिल्व्हेस्त्र सुतारांची मुलगी. शिकून ती आमच्या सरकारच्या वीजखात्यात अधिकारी झाली होती. पहिल्याच दिवशी तिने मला हाती घेतले, पालथी करून मागची बाजू पाहिली आणि रंध्याच्या खुणांवरून अंगठा फिरवला. त्या दिवसापासून मी उभी राहू लागले.

तेव्हा संघाने सामाईक ऊर्जाधोरण आखायला घेतले होते. आमच्या बेटांवर वीज डिझेलच्या इंजिनांतून येते आणि डिझेल जहाजातून. जहाज आले नाही की दिवे नाहीत. संघातल्या एका बेटावर मात्र ज्वालामुखी आहे आणि तेथे जमिनीतून बारमाही वाफ निघते. त्या वाफेवर वीज करावी आणि समुद्रतळावरून तारा टाकून ती सर्व बेटांना न्यावी, ही कल्पना. कल्पना उत्तम होती. प्रश्न एकच होता: तार आधी कोठे न्यायची?

लिओनीसने मसुद्यात एक वाक्य घातले. ज्या बेटावर एकच इंजिन आहे, त्या बेटाला तार सर्वप्रथम दिली जाईल. असे एकच बेट होते, आमचे. ते इंजिन बंद पडले तर बेटाला दुसरा आधार नव्हता, हा तिचा युक्तिवाद. ग्रँड रोशचे म्हणणे असे की, जेथे वीज जास्त खपते तेथे तार आधी नेली तर खर्च लवकर भरून निघेल आणि मग पुढच्या तारा टाकता येतील. मित्रांनो, दोन्ही बाजूंना अर्थ होता. भांडण शहाण्या आणि मूर्ख माणसांत असते तर ते लवकर मिटले असते.

मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नसे ते चौकोनी कंसात घालत. लिओनीसच्या वाक्यातला 'सर्वप्रथम' हा शब्द कंसात गेला आणि तेथेच राहिला. सभा होत, तज्ज्ञ येत, तक्ते दाखवले जात, सुरमईचे जेवण होई, सर्वांचे आभार मानले जात आणि कंस जसाच्या तसा पुढच्या सभेला जाई. इतर देशांचेही कंस होतेच. कोणाला डिझेलच्या साठ्याबद्दल हरकत, कोणाला करांबद्दल, कोणाला तार टाकणाऱ्या जहाजाच्या देशाबद्दल. कागद पाहिला तर कुंपणेच कुंपणे दिसत.

एका वर्षी सभेचे यजमानपद सेंट अनातोलकडे आले. आम्हां पट्ट्यांना मखमलीच्या पेटीत घालून बोटीने नेले, आणि माझ्या जन्मानंतर प्रथमच मी आन्स कसाव पाहिले. लिओनीसने हट्टाने दुपारचे जेवण तेथील बर्फघराच्या अंगणात ठेवले होते. यजमान देशाची पट्टी म्हणून मलाही जेवणाच्या मेजावर मांडले होते.

ते बर्फघर तिचा धाकटा भाऊ हिलेरियन चालवत असे. सर्व गाव त्याच्या बर्फावर जगत होते. होड्या पहाटे कुपा आणि सुरमई घेऊन येत, मासळी बर्फात बसे आणि मगच डोंगरापलीकडच्या बाजाराला जाई. बर्फ नसला तर दुपारपर्यंत ती टाकून द्यावी लागे.

माशाचे कालवण आणि भाजलेला नीरफणस वाढून होतो न होतो तोच पंखे थांबले. बर्फघराची घरघर बंद झाली. मंत्री एकमेकांकडे पाहू लागले.

"बसा, बसा, कोणी उठू नका," हिलेरियन वाढता वाढता म्हणाला. "आमचं इंजिन जेवायला गेलंय. पाहुणे जेवतात म्हटल्यावर त्यालाही भूक लागली."

ग्रँड रोशचे मंत्री एव्हर्टन ग्रीनिज मनापासून हसले. ते दुष्ट नव्हते. "आणि येतं केव्हा जेवून?"

"मनावर आहे त्याच्या, साहेब. परवाचं जेवण काल संध्याकाळी संपलं. तुम्ही तोवर कालवण घ्या. बर्फ नाही म्हटल्यावर मासळी आजच संपवायची आहे, उद्या ती तुमच्याशी बोलायला लागेल."

ग्रीनिज यांनी कालवण पुन्हा घेतले आणि तिसऱ्यांदाही घेतले. निघताना त्यांनी हिलेरियनचा हात दोन्ही हातांत धरला. "बाबा रे, हे मी विसरणार नाही," ते म्हणाले. आणि ते विसरलेही नाहीत. पुढे कित्येक भाषणांत त्यांनी त्या कालवणाचा उल्लेख केला.

पाहुणे बोटीकडे गेल्यावर भाऊबहीण अंगणात उरले. पंखे अजून थांबलेलेच होते.

"लिओ, तुझी माणसं जेवतात चांगली गं. सहीसुद्धा करतील का?"

"सही लागत नाही तिथं. कोणी पट्टी उभी केली नाही की मंजूर."

"म्हणजे गप्प बसायचं, एवढंच काम? आपल्या गावातली एक बाई टिकायची नाही बघ तिथं. मा फिलोमेन तर नाहीच नाही."

लिओनीस हसली. हिलेरियन मात्र हसायचे थांबला होता.

"मस्करी बाजूला ठेव. मला सरळ सांग. ग्रँड रोशच्या हॉटेलातून मला पुन्हा बोलावणं आलंय. त्यांच्या शीतघरावर माणूस हवाय. मी गेलो तर हे बंद, आणि हे बंद झालं की होड्या इथं लागणार नाहीत. मुलंबाळं घेऊन सगळे पलीकडे जातील. मी थांबू का जाऊ?"

"थांब. तार पहिली आपल्याकडे येणार. तसं लिहिलंय."

"लिहिलंय का ठरलंय?"

"मी आहे ना तिथं," ती म्हणाली. "मी पट्टी खाली ठेवल्याशिवाय काही ठरू शकत नाही. बापाने केलेली पट्टी आहे, हिले."

तो थांबला. मित्रांनो, त्या शब्दांनी मी किती फुलून गेले हे सांगायला नको. लाकडाला फुगवणारी ओल कोठून येते हे लाकडाला कळत नाही.

धोरण मंजूर होण्याचा दिवस शेवटी उगवला. सभागृह ग्रँड रोशचे आणि अध्यक्षपद ग्रीनिज यांचे. एकेक देशाने आपापला कंस सोडत आणला होता आणि प्रत्येकाला काही सोडावे लागल्याचे दुःख होते. सकाळी वाटलेल्या अंतिम मसुद्यात लिओनीसचे वाक्य असे होते: बेटांना तार कोणत्या क्रमाने द्यावी, हे यथावकाश ठरवण्यात येईल. कंस गेला होता आणि कंसातला शब्दही गेला होता.

तिने तत्काळ मला उभे केले. शेजारच्या दोन लहान देशांशी तिने आधीच बोलून ठेवले होते. ती बोलायला उभी राहताच तेही आपल्या पट्ट्या उभ्या करणार होते आणि 'सर्वप्रथम' हा शब्द परत घ्यावा असे म्हणणार होते. तो शब्द परत येणे अशक्य नव्हते, हे मी जबाबदारीने सांगते. वरच्या सज्जात पत्रकार बसले होते आणि त्या दिवशी धोरणावाचून घरी जाण्याची ग्रीनिज यांची तयारी नव्हती. एका उभ्या पट्टीपुढे ते नमले असते.

त्यांनी मला पाहिले. "सेंट अनातोल," ते म्हणाले, "आपल्याला बोलायची संधी मिळेल. फक्त त्याआधी, दोन पंतप्रधानांची विमाने लवकर आहेत, तेव्हा एक छायाचित्र उरकून घेऊ. सर्वांची हरकत नसावी."

कोणाचीच नव्हती. दोन पंतप्रधान येऊन मागे उभे राहिले. छायाचित्रकार खुर्चीवर चढला, एक डोळा मिटला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, अहो, त्या टोकाच्या ताई! तुमची पट्टी चेहऱ्यावर येतेय. आडवी करा की जरा."

लिओनीसने हात माझ्यावर ठेवला, पण मला आडवे केले नाही. "मला बोलायचं आहे," ती म्हणाली.

"बोला हो, खुशाल बोला नंतर. फोटोपुरती म्हणतोय मी. उद्या पेपरात सगळ्यांचे चेहरे येतील आणि तुमच्या जागी फळकूट."

सगळे हसले. तीही हसली. आमच्या बेटांवर जेवणात आणि छायाचित्रात अडथळा आणणे हा मोठा असभ्यपणा समजला जातो. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी एका शब्दासाठी ती भांडली, त्यांना तिने एका छायाचित्रासाठी ताटकळत ठेवले नाही. तिने मला अलगद आडवे केले. शेजारच्या दोन्ही पट्ट्या आडव्याच होत्या. ती बोलायला उभी राहण्याची वाट पाहत.

"झकास!" छायाचित्रकार म्हणाला. "आता अध्यक्षसाहेब, हातोडा वर धरा. नुसता धरू नका, खोटं वाटतं. नेहमी म्हणता ते म्हणा आणि मारा. बाकीच्यांनी इकडे बघून हसा."

ग्रीनिज यांनी हातोडा उचलला आणि मेजावर नजर फिरवली. ती सवय होती, हे मी शपथेवर सांगू शकते. हेतू होता किंवा नव्हता, हे सांगू शकत नाही. "कोणाची पट्टी उभी नाही," ते म्हणाले. "मंजूर."

हातोडा पडला. लखकन प्रकाश पडला. सज्जात टाळ्या वाजू लागल्या, मागे उभे असलेल्या पंतप्रधानांनी एकमेकांना मिठी मारली आणि टाळ्या खाली मेजापर्यंत पसरल्या.

लिओनीसने मला पुन्हा उभे केले. टाळ्या ओसरेपर्यंत मी उभी होते आणि त्यानंतरही उभी होते.

"अध्यक्षमहाराज, ते फोटोसाठी होतं."

"अर्थातच," ग्रीनिज म्हणाले, आणि मग ते थबकले. त्यांनी शेजारी बसलेल्या संघाच्या कायदेसल्लागाराकडे पाहिले. सल्लागार त्यांच्या कानाशी काही बोलला. ग्रीनिज यांचा चेहरा क्षणभर खरोखर पडला.

"मिस फॉन्टेनेल, शब्द उच्चारले गेले आणि हातोडा पडला. मला तो परत घेता येईल, पण सर्वांच्या संमतीने. आणि एकाचा मुद्दा पुन्हा उघडला तर कोणाचा बंद ठेवू? करांचा? जहाजाचा? मग आजचं धोरण आज राहणार नाही." ते मेजाकडे वळले. "मुद्दा पुन्हा उघडावा असं कोणाचं म्हणणं आहे का?"

मी शेजारच्या दोन पट्ट्यांकडे पाहत होते. एकीच्या मागचा मंत्री कागद गोळा करीत होता. दुसरीवर बोटे आली, टेकली आणि मागे गेली. त्यांनीही रक्त आटवून काही मिळवले होते, आणि मुद्दा उघडला तर तेही पुन्हा कंसात गेले असते. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी कशी वागले असते, हा प्रश्न लाकडाला सुटला आहे, कारण लाकूड स्वतःहून कधीच उभे राहत नाही.

"यथावकाश ठरवण्यात येईल, असं लिहिलंय ना?" ग्रीनिज समजुतीच्या सुरात म्हणाले. "यथावकाश ठरवू. मी ते कालवण विसरलेलो नाही."

तो अवकाश कधी आला नाही. पहिली तार ग्रँड रोशला गेली आणि दुसरी त्याच्या शेजारच्या बेटाला. तिसरीबद्दल अभ्यासगट नेमला गेला. आमचे इंजिन एका वादळानंतर बसले ते बसलेच. छायाचित्र मात्र सभागृहाच्या प्रवेशद्वारी मोठे करून लावले आहे, आणि ते खरोखर सुरेख आले आहे.

काही वर्षांनी सभागृहाचे नूतनीकरण झाले. आता प्रत्येक आसनापुढे एक बटण आहे. दाबले की छोटा दिवा लागतो, आणि तो कोणाच्या चेहऱ्याआड येत नाही. आम्हां पट्ट्यांना खोक्यात घातले. खोके तळघरात जाण्याआधी मिस ऑर्लीन यांनी मला बाहेर काढले, शेवटचे तेल लावले आणि लिओनीसच्या हाती दिले. "घेऊन जा, मिस. बाकीच्यांना वाळवी खाईल. हिला तरी घरची वाळवी खाऊ दे."

आज मी आन्स कसावमध्ये आहे. बर्फघराचे दार वाऱ्याने आपटते म्हणून मला त्याच्या फटीत सारले आहे. आत मासळी नाही, बर्फ नाही, पत्र्यातून येणारे ऊन तेवढे आहे. वाळूवर काही होड्या पालथ्या पडल्या आहेत आणि त्यांची जात माझीच आहे. समुद्राकडून ओल येते आणि माझ्या अंगावरच्या नावाची अर्धी अक्षरे आता बोटालाच कळतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या मनोगताच्या शेवटी काहीतरी मागतात, असा प्रघात आहे. कोणी म्हणते मला रंग द्या, कोणी म्हणते मला फेकू नका. मला रंग नको. माझी विनंती एवढीच: तुमच्या हाती कधी कोणाच्या नावाची पट्टी आली, आणि ती उभी ठेवण्यासारखे कारण तुमच्याजवळ असले, तर तिची काळजी घ्या. रागाने, धाकाने किंवा लाच घेऊन ती आडवी करणारे जगात असतील. मी त्यांना फारसे पाहिले नाही. मी पाहिले ते एवढेच की, ती हसत हसत, सौजन्याने आणि थोड्या वेळापुरती आडवी होते. ही विनंती तुम्ही मानाल अशी मला मोठी आशा नाही. लिओनीसपेक्षा अधिक सावध आणि अधिक चिवट माणूस मी पाहिला नाही, आणि तिच्याकडूनही ते झाले नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. लिओनीस मला घेऊन गावी आली त्या दिवशी हिलेरियन निघण्याच्या तयारीत होता. दुपारची बोट होती. त्याची पत्नी मुलांसह धक्क्यावर पुढे गेली होती आणि तो बर्फघराला कुलूप लावायला थांबला होता. कुलूप गंजले होते, लागत नव्हते. लिओनीसने मला त्याच्या हाती दिले आणि त्या छायाचित्राची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. इतक्या वर्षांत तिने ती त्याला सांगितली नव्हती. मग मला दाराच्या फटीत ठोकून बसवत त्याने विचारले,

"फोटो आहे तुझ्याजवळ?"

तिने पिशवीतून काढून दिला. त्याने तो उन्हात धरला.

"ही तूच ना, टोकाला?"

"हो."

"हसतेस की गं."

"त्याने हसायला सांगितलं होतं, हिले."

हिलेरियनने फोटो तिला परत दिला आणि आपले गाठोडे उचलले.

"मग मंजूरच झालं ते," तो म्हणाला.